वारं प्यालेल्या सायकली

हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळून घ्या, मी म्हणते,
आणि पहिल्यांदा पायडल माराल तेव्हा दचकू नका :
पाठीमागून कुणीतरी ढकलल्यासारखं होतं.
कुणी नसतं. बॅटरी असते.

आज सात जण.
वूचहून आलेलं जोडपं, मधुचंद्राला एकोणचाळीस वर्षं उशीर झालेलं,
तिघी मैत्रिणी, सारखेच पिवळे मोजे,
एक मुलगा, जो कुणाशीच बोलत नाही,
आणि ओटोकार, वय एक्क्याऐंशी,
ज्यांनी अर्जावर ‘सायकल येते का’ याच्यापुढे लिहिलंय :
येत होती.

आपण आत्ता नदीत आहोत, मी सांगते.
सगळे खाली बघतात.
खाली गवत, गळालेली संत्री,
कुत्र्यामागून फरफटत जाणारी एक बाई.
सत्तावन्न साली हिनं वालेन्सिया बुडवलं,
मग शहरानं हिला उचललं आणि वेशीबाहेर नेऊन सोडलं.
पूल तेवढे राहिले, दगडी,
पाठी वाकवून उभे, खालून कोण जायचं ते न विसरता.

नदी परत नाही येत? वूचच्या बाई विचारतात.
हा प्रश्न माहितीपत्रकात नाही.
परवाच्या शरदात पलीकडच्या गावांत पाणी शिरलं,
हिचं नव्हे, हिच्या भाऊबंदांतलं.
आमच्या चिमोच्या गॅरेजात छातीएवढा चिखल होता,
आणि पिवळ्या मोज्यांपैकी एक जण आत्ता जिच्यावर बसलीय
ती सायकल आम्ही तिथून खणून काढली.
हे मी सांगत नाही.
घंटी वाजवते. चला, उजवीकडून, एकामागे एक.

काबान्यालमध्ये गल्ल्या समुद्राला समांतर पळतात,
घरांच्या अंगावर हिरव्या-निळ्या फरशा, अंघोळघराला लाजवतील अशा,
आणि दारात खुर्ची टाकून बसलेल्या सिन्योरा पुरा
मला माझ्या आईच्या नावानं हाका मारून ओरडतात,
अगं हळू! ही काय शर्यत आहे?
मैत्रिणी त्यांचा फोटो काढतात.
त्या केस सारखे करतात, मग पुन्हा ओरडतात.

हे बैलांचं घर, मी पाय टेकवते.
इथले बैल शेतात जात नसत, समुद्रात जात.
होडी परतली की छातीएवढ्या लाटेत उतरायचे,
आणि मासळीसकट, माणसांसकट, शिडासकट
तिला ओढून वाळूवर आणायचे.
माझा पणजोबा त्यांच्या शिंगांना धरून पाण्यात चालायचा.
त्याला पोहता येत नव्हतं.

तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा बोलतो :
त्यांची नावं काय होती?
होड्यांची नावं मला पाठ आहेत, अकरा.
बैलांची नाहीत.
कुणी लिहूनच ठेवली नाहीत, मी म्हणते,
आणि उगाचच साखळी तपासायला वाकते.

मग किनारा. कानात वारं शिरलेल्या वासरांसारख्या
सगळ्या सायकली एकदम सुटतात,
वूचचे आजोबा चक्क हात सोडून.
नेमकी तिथंच ओटोकारांची बॅटरी मरते.
समोरून पूर्वेचा वारा, तोंडात वाळू,
आणि ती धूड सायकल, पंचवीस किलो लोखंड.
बदली गाडी मागवू का, मी विचारते.
ते मान हलवतात. नको.
दात आवळून एक पाय, मग दुसरा पाय,
बदकं आम्हाला मागं टाकतील अशा वेगानं.

मी शेजारी जाते. डावा हात हँडलवर,
उजवा त्यांच्या पाठीवर, ओल्या शर्टावर, मणक्यांच्या मधोमध.
दीपस्तंभापर्यंत आम्ही असेच जातो.
ते काही बोलत नाहीत, मीही नाही.
होर्चाताच्या दुकानाशी ते उतरतात,
आणि सायकलीच्या सीटवर दोनदा थोपटतात,
गोठ्यात थोपटावं तसं.

संध्याकाळी मी सगळ्या भिंतीशी लावते, तोंडाशी वायर.
वहीत लिहिते : सहा नंबर, बॅटरी बदलणे.
‘सहा नंबर’ खोडते.
थोडा वेळ तशीच उभी राहते, पेन हातात,
एखादं नाव सुचतंय का बघत.